रेघेबाहेरची वीतभर जागा

आमच्या घरात फोटो कुणी काढायचा हे ठरवायची वेळच येत नाही. सगळे नटूनथटून रांगेत उभे राहायला लागले की कॅमेरा आपोआप माझ्या हातात येतो. "दर्शना, तूच काढ गं, तुला चांगलं जमतं," असं सासूबाई म्हणतात. वर्षभरात माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघणारं हे एकुलतं एक चांगलं वाक्य. लग्नाला सात वर्षं झाली. दिवाणखान्याच्या भिंतीवर घरातल्या प्रत्येक कार्याचा फोटो आहे, जावळाचा, बारशाचा, माझे थोरले दीर गजादादा यांच्या लग्नाचा, आबांच्या निवृत्तीचा. मी एकाही फोटोत नाही. आमच्या लग्नाचा तर फोटोच नाही, कारण ते कचेरीत नोंदणी करून झालं आणि आबांनी त्या दिवशी कॅमेरा कपाटातून बाहेर काढला नाही.

कारण सांगायला मला लाज वाटत नाही, ती वाटायचीच तर त्यांना वाटावी. मी कोंडाण्याची, बौद्धवाडीतली. माझा नवरा किरण पळसदरीचा, बारा पिढ्यांचे शेतकरी म्हणवणाऱ्या घरातला. घरात मला कुणी वाईट बोलत नाही. ताट वेगळं नाही, पाण्याला अटकाव नाही. पाहुणे आले की मात्र मी नेमकी कुठल्या तरी कामात असते, आणि ते काम नेहमी दुसऱ्याने काढून दिलेलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता या कॅमेऱ्याबद्दल. माझे सासरे मालोजी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कर्जतला रेल्वेत होते. तरुणपणी त्यांनी मुंबईहून एक जुना जपानी कॅमेरा आणला, रिळाचा, रेंजफाइंडर जातीचा, हातात घेतला की किलोच्या मापासारखा जड. मोबाईलवरचा फोटो हा त्यांच्या लेखी फोटोच नव्हे. बोट लागलं की गेला, तो कसला फोटो? कार्याचा फोटो रिळावरच निघाला पाहिजे, कागदावर छापून आला पाहिजे आणि भिंतीवर चढला पाहिजे, हा घरचा रिवाज. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, फोकस जुळेना, तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. किरण आणि गजादादांनी तो कधी हातात धरायचीही तसदी घेतली नव्हती.

या कॅमेऱ्यात भिंगातून आरपार दिसत नाही. भिंगाच्या वरच्या बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. खिडकीत पांढऱ्या रेघेची चौकट तरंगताना दिसते. रेघेच्या आत जे असेल ते फोटोत येणार. पण खिडकी रेघेपेक्षा मोठी असते, त्यामुळे रेघेच्या बाहेरचंही सगळं लख्ख दिसत राहतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात जो वगळला तो दिसेनासा होतो. या कॅमेऱ्यात आपण कुणाला वगळतोय ते बघत बघत वगळायचं असतं.

आबांचा या पांढऱ्या रेघेवर देवासारखा विश्वास. "रेघेच्या आत तेवढं आपलं," असं ते म्हणायचे. छापून आलेल्या फोटोत कडेला थोडं जास्तीचं यायचं, कुणाचं कोपर, शेजारच्याची सायकल. आबांचं म्हणणं, लॅबवाला आगाऊ हाय. मग ते पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन बसत आणि रेघेत जेवढं पाहिलेलं आठवतं तेवढंच ठेवून बाकीचं कापून टाकत. भिंतीवरचा एकूण एक फोटो असा कडेने कापलेला आहे.

मी खालापूरला भूमी अभिलेखात मोजणीला आहे, भूकरमापक. रोज दोन भावांच्या मधल्या बांधावर उभी राहून दोघांच्याही शिव्या खाते. कुणी नुसतं "रेघ इथेच आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. इथे म्हणजे कुठे? मोजली का? म्हणून कॅमेरा हातात आल्यावर मी माहेरी गेले, माझा भाऊ प्रीतम याला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि कोंडाण्याच्या शाळेच्या भिंतीवर खडूने खुणा करून रीळभर फोटो काढले. लॅबवाला बिचारा सरळ होता. रेघच खरं सांगत नव्हती. अंगणभर अंतरावरून काढलं तर रिळावर रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त येत होतं, वर आणखी चार बोटं.

हे का, तेही मी शोधून काढलं. जवळचं काढायला भिंग पुढे सरकतं तेव्हा रिळावर थोडं कमी मावतं. रेघ एकच, ती आखायची कुठल्या अंतरासाठी? कॅमेरा बनवणाऱ्याने ती सगळ्यात जवळच्या अंतराच्या हिशेबाने आखली, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाचं डोकं कापलं जायला नको. लांबून काढलं की आपोआप जास्त माणसं आत येतात. त्या जपानी माणसाने कधी न पाहिलेल्या लोकांसाठी वीतभर जागा राखून ठेवली होती. आबांना मी हे तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पट्टी मागितली.

यंदा माघात नव्या घराची वास्तुशांत झाली. पूजेला गजादादा आणि माझ्या जाऊबाई नम्रताताई बसले, थोरले म्हणून, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घर सगळ्यांचं होतं. दिवाणखान्यात दारासमोर लागणारा फोटो याच दिवसाचा असणार होता, आणि माझी हर्षला, सहा वर्षांची, रोज त्या फोटोसमोरून शाळेत जाणार होती. मागच्या वर्षी तिने विचारलं होतं, आई, तू फोटोत का नाहीस? मी म्हटलं, फोटो मी काढते ना. ती म्हणाली, मग एक बाबा काढतील. तिला जे सुचलं ते घरातल्या एकाही मोठ्या माणसाला सात वर्षांत सुचलं नव्हतं.

तेव्हा मी आठवडाभर आधीच किरणला सांगून ठेवलं की या वेळी मी फोटोत उभी राहणार. किरण म्हणाला, बघू. किरणचं 'बघू' म्हणजे गाळात रुतलेली गाडी, ना पुढे ना मागे. मग मी सगळ्यांदेखत जाहीर केलं. फोटो नम्रताताईंचा भाऊ दिगंबर काढेल, मी त्याला सगळं जुळवून देते, त्याने फक्त चौकट बघायची आणि खटका दाबायचा. कुणी नाही म्हटलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी आत हर्षूच्या वेण्या घालत होते आणि खिडकीबाहेर ओट्यावर सासूबाई दिगंबरशी बोलत होत्या. आवाज हळू होता, पण घर नवं, खिडकीला अजून पडदे नव्हते. त्या म्हणाल्या, "तिला कडंला उभी कर, रं. पण त्या रेघंत घेऊ नको. फोटो कायमचा ऱ्हातो, उद्या सोयरीक जुळवायला येनारे बगतील. तिला काय कळनार नाय."

माझ्या हातातली रिबिन तशीच राहिली. मला कळणार नाही! ज्या बाईने ती रेघ खडूने आणि टेपने मोजली, तिला कळणार नाही. बाहेर जाऊन कॅमेरा हिसकावून घ्यावा, भटजींसमोर काय ते बोलून मोकळं व्हावं असं वाटलं, आणि तमाशा करायची माझी पूर्ण तयारी होती. पण हर्षूने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आज तू माझ्या बाजूला उभी राहशील ना. मी हो म्हटलं.

ओट्यावर आबा आणि सासूबाई खुर्च्यांवर बसले. मागे गजादादा, नम्रताताई, किरण, पुढे पोरं, आणि डाव्या टोकाला हर्षू. मी तिच्या पलीकडे. दिगंबर अंगणाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि हाताने मला खुणावू लागला, वहिनी, जरा बाहेर, जरा बाहेर. मी सरकले. मग तो म्हणाला, "हर्षू, हात खाली घे, बाहेर जातोय." म्हणजे त्याची रेघ माझ्या लेकीच्या मनगटावर आली होती. तो मला बघत होता. खिडकीत मी त्याला स्वच्छ दिसत होते, आणि मी बाहेर असल्याची तो खात्री करून घेत होता.

हर्षूने हात सोडला नाही. मी तो माझ्या पोटाशी घट्ट धरला, अंग तिरकं केलं आणि मान तिच्या बाजूला कलती केली. मनगटापासून वीतभर आणि चार बोटं. तेवढ्या जागेत माझं तोंड, एक खांदा आणि एक हात मावतो. मोजणीचं काम करते मी, माझा अंदाज सहसा चुकत नाही. दिगंबरने खटका दाबला आणि समाधानाने मान हलवली. सासूबाईही खूश झाल्या.

रीळ मुंबईच्या लॅबला गेलं. रविवारी मोठा फोटो घरी आला, आबांनी सगळ्यांना बोलावलं आणि गजादादांनी पाकीट फोडलं. फोटो हातोहात फिरला. मग नम्रताताई म्हणाल्या, "अगं बाई, ही कशी आली?" जणू मी कुठल्या पिंपळावरून उतरले होते. मी होते. हर्षूचा हात धरून, डाव्या कडेला, चेहरा अगदी स्पष्ट.

गजादादांनी तिथल्या तिथे दिगंबरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो बिचारा शपथा घ्यायला लागला की वहिनी रेघेबाहेरच होत्या, मी दोनदा बघून मगच दाबलं. आपण काय कबूल करतोय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ऐकणाऱ्यांच्याही आलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, ही आत आली कशी. हिला बाहेर का ठेवली, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नव्हता.

मग संशय माझ्यावर आला. रीळ लॅबला मी पाठवलं होतं, लॅबवाल्याशी मी बोलले होते, तेव्हा हिनेच कॉम्प्युटरवर स्वतःला चिकटवून घेतलं असणार. हे गजादादा बोलले. चोर तो चोर, वर शिरजोर. मी आतून निगेटिव्हची पट्टी आणली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चेहऱ्यांची आणि पांढऱ्या केसांची सगळी रांग त्यात होती, आणि टोकाला मीही होते. रिळाला कोण चिकटवणार? मग रेघ आतल्या बाजूला का असते, वीतभर जास्त का येतं, हे मी पुन्हा एकदा, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. किरण पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग रेघ कशाला हाय? रेघंपरमानं काप." आणि पट्टी आणि ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. हल्ली त्यांना दिसत नाही, म्हणून फोटो कापायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. मी, माझ्या हाताने, मला कापायचं. आणि हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. ते नेहमीचं काम सांगत होते.

मी विचारलं, कुठून कापू ते दाखवा. आबा चाचपडले. सासूबाईंनी वाकून फोटोवर नख ठेवलं. हर्षूच्या मनगटावर. "हितनं," त्या म्हणाल्या. "हाताकडं कोन बगतंय."

हर्षू कधी येऊन माझ्या मागे उभी राहिली होती कोण जाणे. तिने ते नख बघितलं आणि स्वतःचा हात मागे घेतला, पाठीमागे लपवला.

आबांना ते दिसलं नसेल, पण काहीतरी झालंय हे त्यांना कळलं. त्यांनी नम्रताताईंना विचारलं, त्यांनी सांगितलं. आबा मोठ्या मनाने हात हलवत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कापू नका. असू दे तिला कडंला."

असू दे! सात वर्षं मी जे अडवून ठेवलं होतं ते त्या दोन शब्दांनी वर आलं. कापायला निघाले होते तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते. मला भीक घातली होती, आणि आता मी पदर पसरून ती घ्यायची, वर आबा किती चांगले म्हणून डोळे पुसायचे, अशी सगळ्यांची अपेक्षा. सासूबाईंनी तर सुटकेचा निःश्वास टाकला, झालं एकदाचं म्हणून.

मी फोटो उचलला, पाकिटात घातला आणि म्हटलं, "हा फोटो लागनार नाय. मला कडंला नको, वीतभर जागेत तिरकी नको. मी या घरची सून हाय. फोटो परत काढायचा, आत्ता, आनि मी रेघंच्या आत, मधी उबी ऱ्हानार. ज्याला माझ्यासंगं उबं ऱ्हायाचं नसंल त्यानं बाहेर ऱ्हावं."

गजादादा म्हणाले, दिगंबर यायला संध्याकाळ होईल, फोटो काढणार कोण? नम्रताताई म्हणाल्या, उगाच वाढवू नको गं. मी कपाटातून कॅमेरा काढला आणि नवं रीळ भरायला घेतलं. घाईत रिळाचं टोक खाचेत बसेना. तेवढ्यात किरण उठला, ओट्यावर गेला आणि खुर्च्या मांडायला लागला. आत येऊन हर्षूला म्हणाला, चल. मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "फोटो आई काढंल."

सात वर्षांत माझ्या बाजूने निघालेलं त्याचं हे पहिलं पुरतं वाक्य. वरातीमागून घोडं, पण आलं. ते मी त्याला नंतर ऐकवलंच.

सासूबाईंना आधी ते खरंच वाटलं नाही. मला कुटं येतंय, म्हणाल्या. मी नाय ऱ्हायाचं व्हय फोटोत, असंही म्हणाल्या. त्याचं उत्तर जुन्या घरातून आणून भिंतीवर रांगेने लावलेलं होतं आणि आता त्यांचंही लक्ष तिकडे गेलं होतं. मी कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, अंगणाच्या टोकाला नेऊन उभं केलं, आणि येऊन आबांच्या खुर्चीमागे, किरणच्या आणि नम्रताताईंच्या मधे, उभी राहिले. हर्षू माझ्यापुढे.

त्यांनी डोळा लावला. मग म्हणाल्या, "दोन दोन दिसत्यात."

मी सांगितलं, मधोमध पिवळसर ठिपका आहे, त्यात सगळं दुहेरी दिसतं. भिंगाची कडी सावकाश फिरवा, दोन्ही चित्रं एकावर एक बसली की थांबायचं. "ठिपक्यात कोन हाय?" मी विचारलं.

"तू," त्या म्हणाल्या.

त्या कडी फिरवत राहिल्या. एकदा पुढे गेली, मागे घेतली, चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळा लावला. मला जुळवल्याशिवाय त्यांना खटका दाबता येणार नव्हता, आणि मला जुळवायचं तर माझ्याकडेच बघावं लागणार होतं, नीट, न चुकवता. या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. मी हसले नाही. त्यांना सोपं करून द्यायची माझी इच्छा नव्हती.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

आता रेघेच्या आत सगळे आहेत का बघा, मी म्हटलं.

त्यांनी कॅमेरा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे केला. "हायत समदे," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "तू बी आलीस."

"मी सात वर्सं हितंच हाय, आई," मी म्हटलं. "दाबा आता."